र. धों. कर्वे : एका गणिताच्या प्राध्यापकाची गोष्ट



महर्षी धोंडो केशव कर्वे यांची ओळख आपल्या शाळेत कोणाला करून द्यावी लागत नाही. दरवर्षी वक्तृत्व स्पर्धेत निदान दोन मुली तरी त्यांच्यावर बोलतात. हिंगण्याची विधवांची संस्था, १९१६ चे महिला विद्यापीठ, शंभराव्या वर्षी मिळालेले भारतरत्न, हे सारे मुलांना पाठ असते. पण त्यांच्या थोरल्या चिरंजीवांवर आजवर एकाही स्पर्धेत भाषण झालेले मी ऐकले नाही. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे हे नाव कधी कानावर आले नव्हते. नोकरीला लागल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दिलेल्या पुस्तकामुळे रघुनाथ धोंडो कर्वे मला प्रथम भेटले आणि मग मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. म्हणजे ज्या तारखेला आपल्या सुरतेत गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते आणि आकाश पतंगांनी भरून जाते, ती तारीख. जन्मगाव रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड. (जंजिऱ्याचे मुरुड वेगळे, हे दापोलीजवळचे.) रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात वारली. अजून तिशीही तिने गाठली नव्हती. त्या काळी ही काही विशेष घटना नव्हती. घरोघरी अशा एक-दोन आया गेलेल्या असत, आणि लोक त्याला नशीब म्हणून पुढच्या कामाला लागत.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडोपंतांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. मुरुडच्या गावकऱ्यांनी कुटुंबावर बहिष्कार टाकला. अकरा वर्षांच्या मुलाने हे सारे डोळ्यांनी पाहिले. समाज एखाद्या घराला कसा वाळीत टाकतो याचा धडा त्याला शाळेच्या पुस्तकाआधीच मिळाला असे म्हणायला हरकत नाही.

मुलगा हुशार निघाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये मॅट्रिकला तो पहिला आला. १९०४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाला. विषय गणित, वडिलांचाच. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले, फ्रेंच भाषा शिकले आणि परत येऊन मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पगार चांगला होता आणि समाजात मानही होता. महर्षींचा मुलगा म्हणून लोक आदराने बघत. इथे गोष्ट संपली असती तर आज त्यांच्यावर लिहायचे काही कारण नव्हते.

१९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले. भारतातले असे हे पहिलेच केंद्र. किती मुले व्हावीत आणि दोन मुलांत किती अंतर असावे हे नवरा-बायकोला ठरवता येते आणि त्यासाठी साधने आहेत, एवढेच तिथे सांगायचे होते. अमेरिकेत मार्गारेट सँगर या परिचारिकेने १९१६ मध्ये ब्रुकलिनला असे केंद्र काढले होते, ते पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र मार्च १९२१ मध्ये सुरू झाले. म्हणजे या विषयात मुंबई लंडनच्या मागे नव्हती, एकाच वर्षी दोन्हीकडे दार उघडले. फरक इतकाच की लंडनच्या बाईंच्या मागे पैसा होता, आणि आमच्या प्राध्यापकांच्या मागे त्यांच्या पत्नी मालतीबाईंशिवाय कोणी नव्हते.

विद्यार्थ्यांनी आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, विशेषतः ज्यांना समाजविज्ञान रुक्ष वाटते त्यांनी. १९२१ या वर्षाला आपल्या देशाच्या लोकसंख्येच्या इतिहासात मोठे स्थान आहे. १९११ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीत सुमारे २५ कोटी २१ लाख माणसे होती. दहा वर्षांनी मोजली तेव्हा ती २५ कोटी १३ लाख भरली. म्हणजे दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी आठ लाखांनी घटली! १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे गेली होती. प्लेग आणि पटकी तर होतेच. सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही आत होते. याचा अर्थ सगळे पंचविशीत मरत असा नव्हे. जन्मलेल्या मुलांपैकी फार मोठा भाग पहिल्या पाच वर्षांतच जात असे, म्हणून सरासरी इतकी खाली येई. १९२१ नंतर मात्र प्रत्येक जनगणनेत आकडा वाढतच गेला. म्हणून अभ्यासक या वर्षाला मोठे वळण मानतात.

आता विचार करा. ज्या वर्षी देशातली माणसे कमी झाल्याचे मोजणीने सांगितले, त्याच वर्षी या माणसाने संततिनियमनाचे केंद्र काढले. मग त्यांना देशात गर्दी झाल्याची चिंता होती का? इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडलेला सिद्धांत, माणसे धान्यापेक्षा वेगाने वाढतात हा, त्यांना माहीत होता आणि गणिती असल्याने त्यातली आकडेमोडही कळत होती. पण त्यांच्या कामाचा गाभा मला वेगळा वाटतो. त्यांना दिसत होती ती दरवर्षी बाळंत होणारी, रक्त कमी झालेली, तिशीआधी म्हातारी दिसणारी बाई, आणि तिची न जगणारी मुले. मूल हवे की नको, कधी हवे, हे त्या बाईच्या हातात असावे, हा त्यांचा मुद्दा होता. देशाची संख्या हा त्यानंतरचा हिशेब. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढे आपल्या देशाने तो उलटा केला.

नोकरी फार काळ राहिली नाही. विल्सन कॉलेज मिशनरी संस्थेचे. प्राध्यापकाने असल्या विषयावर जाहीर बोलावे, लिहावे हे तेथील चालकांना मानवले नाही. विषय सोडा किंवा नोकरी सोडा असा प्रसंग आला आणि रघुनाथरावांनी नोकरी सोडली. पालकांपैकी ज्यांनी ऐन चाळिशीत नोकरी गमावली आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. आपल्या शहरात कापडाच्या आणि हिऱ्यांच्या धंद्यात मंदी आली की हे दुःख आपण दर काही वर्षांनी पाहतो. इथे तर मंदीही नव्हती, आपणहून घेतलेला निर्णय होता. रघुनाथराव आणि मालतीबाई यांनी आणखी एक निर्णय घेतला होता. या कामाला वाहून घ्यायचे तर आपल्याला मूल नको, असे दोघांनी ठरवले आणि रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. लोकांना सांगण्याआधी स्वतःपासून सुरुवात! मालतीबाईंचे नाव या कथेत नेहमी अर्ध्या ओळीत येते. पण लोकांचे टोमणे ऐकायला त्याही होत्या, आणि मूल नसलेल्या बाईला त्या काळात काय ऐकावे लागत असेल ते आपल्या घरातील आजींना विचारा.

१५ जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक सुरू केले. ते सव्वीस वर्षे चालवले. लेख बहुतांशी स्वतः लिहायचे, संपादन स्वतः करायचे आणि तोटाही स्वतःच सोसायचा. आरोग्य, आहार, विवाह, अंधश्रद्धा, स्त्रीचे हक्क असे विषय त्यात असत. वाचक पत्रे पाठवून आपल्या खासगी अडचणी विचारत, ज्या ते डॉक्टरलाही सांगू शकत नसत, आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय भाषेत उत्तरे देत. ‘संततिनियमन’ हे त्यांचे पुस्तक १९२३ चे. मासिकाची भाषा रोखठोक होती, मुखपृष्ठावरची चित्रेही त्या काळाला धक्का देणारी होती. त्यांचे प्रत्येक मत मला पटते असे नाही. धर्म आणि विवाहसंस्था यांवर ते इतके तुटून पडत की जवळ आलेला माणूसही दूर जाई. थोडे नमते घेतले असते तर काम वेगाने पसरले असते असे मला वाटते. पण नमते घेणे हा त्यांचा स्वभावच नव्हता.

खटले होणारच होते. १९३१ मध्ये अश्लील लेखनाच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली, आणि ही गोष्ट आपल्या सुरतकर वाचकांना मुद्दाम सांगायला हवी, की या वेळी निमित्त होते ‘समाजस्वास्थ्य’चा गुजराती अंक. त्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर आक्षेप घेतला गेला. या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शास्त्रीय माहिती देणे आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी बाजू त्यांनी लढवली. खटला ते हरले. दंड दोनशे रुपये. ज्यांनी पुढे देशाची घटना लिहिली त्या वकिलांनी एका बदनाम मासिकासाठी न्यायालयात उभे राहावे, हे मला त्या दंडापेक्षा मोठे वाटते. बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. आपली सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे ती आपलीही विधानसभा. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

विरोध फक्त सनातन्यांचा नव्हता. महात्मा गांधींनाही कुटुंब लहान असावे हे मान्य होते, पण त्यासाठी संयम हाच एक मार्ग, साधने नकोत, असे त्यांचे ठाम मत होते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, दोघांत दीर्घ चर्चा झाली, पण कोणी कोणाला पटवू शकले नाही. कर्वे यावर टीका करायला चुकले नाहीत. गांधीजींवर टीका करणाऱ्याला त्या काळी मित्र किती उरणार!

तरीही काम वाया गेले नाही. शकुंतला परांजपे यांनी ते पुढे नेले. रँग्लर परांजपे यांच्या या कन्या पुढे राज्यसभेत गेल्या. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंतीबाई रामा राव यांच्या पुढाकाराने कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. आणि १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश होता. ज्या गोष्टीसाठी एका माणसाची नोकरी गेली, दोनदा दंड झाला, तीच गोष्ट सरकारी धोरण झाली. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव गेले. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. पुत्राच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, वडिलांना भारतरत्न मिळाले. पुत्राच्या वाट्याला कोणताच सरकारी सन्मान आला नाही. विधवेला आसरा द्यायचा तर समाजाला दया दाखवून मोकळे होता येते. रघुनाथरावांनी प्रत्येकाला स्वतःच्या घरात डोकावायला सांगितले, ते जास्त जड गेले असावे.

आता तो उलटा झालेला क्रम. सरकारी कार्यक्रमाने बाईच्या तब्येतीपेक्षा देशाचा आकडा पुढे ठेवला. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला, उद्दिष्टे ठरली, आणि आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या कितीतरी जबरदस्तीच्या होत्या. माझ्या पिढीतले लोक त्या वेळी शाळकरी होते. सरकारी गाडी दिसली की गावातले पुरुष शेतात पळत, असे किस्से आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहेत. त्यानंतर पुरुषांची शस्त्रक्रिया जवळजवळ संपलीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी शंभरातल्या ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली, पण ज्यांच्या घरी पतीने ती करून घेतली अशा हजारात तीनच! पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. आपल्या घरातील ज्या पुरुषांना हे काम बायकांचे वाटते, त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्राध्यापकाकडे एकदा बघावे.

उलट केरळात जबरदस्ती न करता १९८८ च्या सुमारास जन्मदर दर स्त्रीमागे दोन मुलांच्या आसपास आला. तिथे मुली शाळेत टिकल्या, जन्मलेले मूल जगेल याची आयांना खात्री आली, आणि मुलांची संख्या आपोआप घटली. देशातही तेच घडत आले आहे. १९९२-९३ मध्ये दर स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.०. महाराष्ट्रात १.७ आणि गुजरातेत १.९. पिढी जितकीच्या तितकी राहायला सुमारे २.१ लागतात. म्हणजे आपले जन्मगाव आणि आपले कर्मगाव, दोन्हीकडची राज्ये या रेषेच्या खाली आहेत. मग माणसे का वाढत आहेत असे आठवीतल्या मुलाने विचारले तर उत्तर असे, की आधी जन्मलेली मोठी पिढी आता आईबाप होते आहे, आणि माणसे जास्त जगत आहेत. भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी ती थोडी पुढे जाऊनच थांबते. आणि सुरतेची गर्दी वेगळी. २००१ मध्ये २४ लाखांचे शहर २०११ मध्ये ४४ लाखांचे झाले, ते पाळण्यांमुळे कमी आणि रेल्वेच्या डब्यांमुळे जास्त, शिवाय २००६ मध्ये शहराची हद्दही वाढली. खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसांचे हे शहर आहे, आपण स्वतः त्यांतलेच.

जगभर तर आता वेगळीच काळजी सुरू झाली आहे. चीनने १९८० च्या सुमारास एका मुलाची सक्ती केली, २०१५ मध्ये ती सोडली, आणि २०२२ पासून त्याची लोकसंख्या घटू लागली. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये दर स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल, म्हणजे एकसुद्धा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात सुमारे १०३० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल. आपल्याकडेही आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी २०२४ मध्ये जास्त मुले होऊ द्या असे आवाहन केले. कालपर्यंत कमी करा, आजपासून वाढवा! दोन्ही वेळा सांगणारे पुरुष आणि पोट बाईचे. रघुनाथराव आज असते तर या दुसऱ्या हाकेवरही त्यांनी तितकाच कडक लेख लिहिला असता, याबद्दल मला शंका नाही. पृथ्वीच्या भवितव्याचे म्हणाल तर नुसती डोकी मोजून भागत नाही. अमेरिकेतील एक माणूस एका भारतीयाच्या सहा-सातपट कार्बन वायू हवेत सोडतो. विश्वस्तांच्या बैठकीत मराठी माध्यमाच्या घटत्या पटाचा विषय निघतो तेव्हाही कोणीतरी लहान कुटुंबांना दोष देतो. मला ते मान्य नाही. घरात दोनच मुले असल्यामुळे त्यांतली मुलगीही शाळेत येते, पूर्वी पाचांपैकी दोघेच येत. पट घटण्याची कारणे आपण दुसरीकडे शोधू.

एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. लहान कुटुंब हवे पण त्यात मुलगा हवाच, या हट्टाने गर्भातच मुली मारल्या गेल्या. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ आणि गुजरातेत ८९० मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर देशभर बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. आणि जन्मलेल्या मुलींचे काय? त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात आणि गुजरातेत साधारण २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. हे आकडे माझ्यासाठी नुसते आकडे नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलेली नववी-दहावीची मुलगी जूनमध्ये परत येत नाही. चौकशी केली की अक्षय्यतृतीयेला चांगले स्थळ आले होते असे उत्तर मिळते. राधाबाईंचे ज्या कारणाने प्राण गेले ते कारण आज दवाखान्यांमुळे खूप कमी झाले आहे. तरी कोवळ्या वयातल्या बाळंतपणाचा धोका आजही जास्तच असतो, हे कोणतीही डॉक्टर सांगेल.

कर्व्यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी २००१ मध्ये ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला, त्यात किशोर कदम यांनी त्यांची भूमिका केली आहे. पालकांनी तो जरूर बघावा. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थिनींच्या मातांसाठी सुटी लागण्यापूर्वी शाळेत एक सभा ठेवली आहे. आरोग्य केंद्रातील परिचारिका भगिनी प्रश्नांना उत्तरे देतील. तारीख आणि वेळ मुलींच्या डायरीत लिहून पाठवू. पित्यांनीही यावे. खुर्च्या पुरेशा ठेवल्या आहेत.

आपला,
मुख्याध्यापक